गांजा जिंकला, पक्षाचं डिपॉझिट गेलं

थॉर्नटनकर

राम राम मंडळी. बाहेर बर्फ पडतोय, बायको-पोरं मॉलला गेलीत, म्हणून बरेच दिवस डोक्यात असलेला धागा आज काढतोय. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

मी कोलोरॅडोत राहतो, डेन्व्हरच्या उत्तरेला. दूध-भाजी आणायला ज्या रस्त्याने जातो त्यावरच गांजाचं दुकान आहे. हिरवा क्रॉस, दारात सिक्युरिटीवाला, आयडी दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत, 21 च्या खाली असाल तर तिथूनच परत. आई पहिल्यांदा आली तेव्हा हिरवा क्रॉस बघून तिला ते औषधांचं दुकान वाटलं, म्हणाली थांब जरा, माझ्या बीपीच्या गोळ्या मिळतात का बघते. मी गाडी थांबवली नाही :)

तर मुद्दा असा की हे दुकान कुणामुळे आलं? इथे 6 नोव्हेंबर 2012 ला मतदान झालं तेव्हा मतपत्रिकेवर ओबामा होते, रॉम्नी होते, आणि घटनादुरुस्ती क्रमांक 64 होती, म्हणजे 21 वर्षांवरच्या माणसाला एक औंस गांजा बाळगायला आणि घरी सहा झाडं लावायला मोकळीक. ओबामांना कोलोरॅडोत 13 लाख 23 हजार मतं पडली आणि ते राज्य जिंकले. गांजाला पडली 13 लाख 83 हजार. म्हणजे ओबामांपेक्षा गांजा साठ हजारांनी पुढे! आणि त्याच मतपत्रिकेवर एक तिसरा माणूस होता, गॅरी जॉन्सन, लिबर्टेरियन पक्षाचा (सरकारने कशातच फार ढवळाढवळ करू नये म्हणणारा छोटा पक्ष), जो न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर असताना 1999 पासून उघड सांगत होता की गांजा कायदेशीर करा. त्याला किती मतं पडली? 35 हजारांच्या आसपास.

आता बोला. ज्याने तेरा वर्षं ओरडून सांगितलं त्याला 35 हजार आणि तो जे ओरडत होता त्याला पावणेचौदा लाख. मुंज्याच्या मुंजीला गाव जमलं आणि मुंज्यालाच कुणी ओळखेना असा प्रकार.

हा पक्ष स्थापन झाला तोही इथेच, कोलोरॅडोत, 11 डिसेंबर 1971 ला. निमित्त निक्सन. त्या वर्षी जूनमध्ये निक्सनने अंमली पदार्थांना देशाचा पहिल्या नंबरचा शत्रू ठरवलं आणि ऑगस्टमध्ये पगार-किमती गोठवल्या, डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं. पक्ष काढणाऱ्या डेव्हिड नोलन आणि त्याच्या दोस्तांचं डोकं फिरलं ते मुख्यतः ऑगस्टच्या प्रकरणाने. पण पहिल्यापासून त्यांचं म्हणणं एकच, की माणसाच्या खिशात आणि माणसाच्या शरीरात सरकारने हात घालू नये. 1972 ला पहिला उमेदवार, जॉन हॉस्पर्स, तत्त्वज्ञानाचा प्रोफेसर. सगळ्या अमेरिकेत फक्त दोन राज्यांत त्यांचं नाव मतपत्रिकेवर लागलं. कुठली दोन? कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन. आणि चाळीस वर्षांनी सगळ्यात आधी गांजा मोकळा केला ती दोन राज्यं कुठली? कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन! मी याला योगायोगच म्हणतो, पण भारी योगायोग आहे राव.

त्यांना देशभरात मतं पडली 3,674. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीपेक्षा थोडी जास्त. पण व्हर्जिनियातला एक रिपब्लिकन इलेक्टर (राज्याच्या वतीने अध्यक्ष-उपाध्यक्षाला मत देणारा प्रतिनिधी) निक्सनवर रुसला आणि त्याने आपलं मत यांना देऊन टाकलं, त्यामुळे उपाध्यक्षपदाच्या उमेदवार टोनी नेथन या इलेक्टोरल मत मिळवणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या बाई ठरल्या. नंतर 1980 ला एड क्लार्क 1 टक्का, 1988 ला रॉन पॉल अर्धा टक्कासुद्धा नाही, 2016 ला जॉन्सनच परत, 44 लाख 89 हजार मतं, सव्वातीन टक्के, हा यांचा एव्हरेस्ट (तो माणूस खरोखर एव्हरेस्ट चढलेलाही आहे). 2024 ला पुन्हा घसरून साडेसहा लाखांवर.

आणि गांजा? जनमत चाचणी घेणारे गॅलपवाले 1969 पासून विचारतायत, तेव्हा 12 टक्के लोक बाजूने होते, 2023 ला 70. चोवीस राज्यांत मोकळा.

मग मला प्रश्न पडतो की असा पक्ष हरला म्हणायचं की जिंकला?

चिलीमबहाद्दर

पहिली गोष्ट, अमेरिकेत डिपॉझिट नसतं हो, शीर्षक बदला.

दुसरी, आईंना गोळ्या घ्यायला आत जाऊ द्यायचं होतंत, बीपी खाली आलं असतं.

तिसरी गोष्ट सिरियस. तुमचे तेव्हाचे गव्हर्नर हिकनलूपर स्वतः बिअर गाळून विकायचा धंदा करून वर आले आणि गांजाला मात्र त्यांचा विरोध, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. निकालाच्या रात्री लोकांना काय सांगितलं तर चीटोजची पाकिटं इतक्यात फोडू नका, केंद्राच्या कायद्यात अजून गुन्हाच आहे. दारूवाला गांजावाल्याला शहाणपण शिकवतोय, हे बघून मी खुर्चीतून पडलो होतो.

लालबावटा_पुणे

लेख रंजक आहे पण श्रेय चुकीच्या घरी पोचवलंय तुम्ही. 2012 पासून गोष्ट सुरूच होत नाही. 1996 ला कॅलिफोर्नियात प्रपोझिशन 215 पास झालं, औषध म्हणून गांजा, 55 टक्क्यांच्या वर मतं. ते कुणी केलं? डेनिस पेरॉन. सॅन फ्रान्सिस्कोतला समलिंगी कार्यकर्ता, त्याचा जोडीदार एड्सने गेला 1990 ला, शेवटच्या दिवसांत गांजा ओढला की त्याला दोन घास जायचे. त्या शहरात तेव्हा रोज कुणी ना कुणी मरत होतं आणि त्या माणसांना उलट्या थांबवायला, भूक लागायला गांजा हवा होता. नोलनचा तो राजकीय मतांचा तक्ता, नोलन चार्ट बिर्ट, त्यांनी आयुष्यात बघितला नसेल. सह्या गोळा करायला पैसा लागला तो सोरोस आणि पीटर लुइस यांच्यासारख्यांनी दिला. नंतर नागरी हक्कवाल्यांनी आकडे मांडले, 2013 च्या एसीएलयूच्या अहवालात होतं की गांजा बाळगला म्हणून पकडलं जाण्याची शक्यता काळ्या माणसाला गोऱ्याच्या पावणेचारपट, ओढणारे मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच. लोकांची मनं त्याने फिरली.

लिबर्टेरियन लोक म्हणजे लग्नात शेवटच्या रांगेत बसून हे स्थळ मीच सुचवलं होतं म्हणणारे काका आहेत.

थॉर्नटनकर

@लालबावटा_पुणे, पेरॉनचं मान्य, शंभर टक्के मान्य. मी ते सोडलं कारण मला पक्षावर लिहायचं होतं. (आणि पेरॉनबद्दल अजून एक, 2016 ला जेव्हा मौजेसाठीचा गांजा कायदेशीर करायचं प्रपोझिशन 64 आलं तेव्हा हा बाबाच विरोधात होता! म्हणे सगळाच गांजा औषधी आहे, मौजेचा असा वेगळा नसतोच, आणि बड्या धंदेवाल्यांच्या हातात जाईल. असो.)

पण शेवटच्या रांगेतले काका हे अन्यायाचं बोललात. पीटर मॅकविल्यम्सचं उदाहरण घ्या. लेखक होता, एड्स आणि कॅन्सर दोन्ही. 1998 ला या पक्षाच्या अधिवेशनात भाषण केलं त्याने, आणि त्याच सुमारास केंद्र सरकारने त्याच्यावर गांजा पिकवल्याची केस घातली. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्याला औषध म्हणून मुभा, केंद्राच्या कायद्याने गुन्हेगार. जामिनासाठी आईने घर तारण ठेवलं आणि कोर्टाची अट अशी की लघवीच्या तपासणीत गांजा सापडला तर जामीन रद्द, म्हणजे आईचं घर जाणार. म्हणून त्याने बंद केला. औषधांनी उलट्या व्हायच्या, त्या थांबवणारी एकच गोष्ट होती ती बंद. जून 2000 मध्ये घरातच गेला, उलटी घशात अडकून. पन्नास वर्षांचा होता.

स्टीव्ह कबी दुसरा. अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा कॅन्सर, 1998 ला पक्षाचा कॅलिफोर्नियातला गव्हर्नरपदाचा उमेदवार, निवडणूक झाली आणि दोन-तीन महिन्यांत घरावर धाड. गांजाच्या कलमांवर ज्युरीचं एकमत झालं नाही, मग किरकोळ दुसऱ्या कलमांत शिक्षा, मग कुटुंब घेऊन कॅनडाला निघून गेला.

किंमत मोजली हो त्यांनीही. मतं मिळाली नाहीत ही गोष्ट वेगळी.

गप्पिष्ट_गोदाकाठ

मॅकविल्यम्सचं वाचून कसंतरी झालं. आईचं घर.

मला एक बाळबोध प्रश्न आहे, अमेरिकेत एवढी वर्षं निवडणुका होतात आणि तिसरा पक्ष काही उभाच राहत नाही, असं का? आपल्याकडे तर गल्लीत तीन पक्ष आणि चौथ्याची फूट. आणि हे लोक मतं खातात का कुणाची? म्हणजे आपल्याकडे 2019 ला वंचितने खाल्ली म्हणतात तशी?

रालेकर

याचं उत्तर मी देतो, इथे नॉर्थ कॅरोलिनात मी दोनदा बूथवर स्वयंसेवक म्हणून बसलोय.

पद्धत आपलीच आहे, ज्याला जास्त मतं तो निवडून. फरक असा की आपल्याकडे प्रादेशिक पक्षाला एखादा जिल्हा, एखादी जात, एखादी भाषा असा ठोकून बसायला खुंटा मिळतो. गांजा ओढणारे काय एका तालुक्यात राहतात? सगळीकडे दोन-दोन टक्के. दोन टक्क्यांनी कुठलीच सीट निघत नाही.

त्यात मतपत्रिकेवर यायचे नियम पन्नास राज्यांचे पन्नास. हजारो सह्या गोळा करा, त्या तपासल्या जाणार, अर्ध्या बाद होणार, पक्षाचा निम्मा पैसा प्रचाराआधीच संपतो. अध्यक्षपदाच्या वादसभेत उभं राहायला सर्व्हेत 15 टक्के पाहिजेत, आणि वादसभेत दिसल्याशिवाय 15 टक्के होत नाहीत. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसं. 5 टक्के मतं पडली तर पुढच्या वेळी सरकारी निवडणूक निधी मिळतो, जॉन्सन सव्वातीनवर अडकला. तसेही पक्षातले अर्धे म्हणाले असते सरकारचा पैसा घेणार नाही, आपण तत्त्वाची माणसं :D

मतं खाण्याचं म्हणाल तर थॉर्नटनकरांच्याच मतदारसंघात झालंय, त्यांनी सांगावं. कोलोरॅडोचा आठवा मतदारसंघ.

थॉर्नटनकर

हो हो, आमचाच. 2022 ला नवीन मतदारसंघ झाला, डेमोक्रॅटिक बाई साधारण 1,600 मतांनी जिंकल्या, लिबर्टेरियन उमेदवाराला 9,000 च्या वर मतं. रिपब्लिकन लोकांनी कपाळाला हात लावला. मग 2023 मध्ये राज्यातल्या दोन्ही पक्षांनी समझोताच केला की तुम्ही स्वातंत्र्यवादी छापाचा माणूस द्या, आम्ही उमेदवार देणार नाही. आणि 2024 ला लिबर्टेरियन उमेदवाराने माघार घेऊन रिपब्लिकनला पाठिंबा दिला, रिपब्लिकन निसटता निवडून आला. ज्या पक्षाचे बहुतेक नेते गांजाच्या विरोधात होते त्या पक्षाला यांनी सीट दिली. राजकारण म्हणजे असंच म्हणा.

मिनीचा_मावसभाऊ

रालेकर आणि थॉर्नटनकर, आमच्या मिनेसोटाची गंमत तर तुम्हाला माहीतच नाही बहुतेक. इथे गांजाच्या नावाचाच पक्ष आहे! लीगल मॅरिवाना नाऊ. 2018 ला त्यांच्या ऑडिटरपदाच्या उमेदवाराला 5 टक्क्यांच्या वर मतं पडली आणि राज्याच्या कायद्याने तो एकदम 'प्रमुख पक्ष' झाला. म्हणजे तेव्हा सह्याबिह्यांची कटकट राहिली नाही, फॉर्म भरला की मतपत्रिकेवर. झालं, कुणीही यावं आणि गांजाच्या नावावर उभं राहावं. 2020 ला एका उमेदवाराचं निवडणुकीच्या आधीच निधन झालं, आणि मग त्याने मित्राच्या फोनवर ठेवलेला निरोप पेपरात आला, की डेमोक्रॅटची मतं कापायला मला रिपब्लिकन लोकांनीच उभं केलं. कल्पना करा. पण डेमोक्रॅट तिथे जिंकलेच.

आणि शेवटी इथला गांजा मोकळा केला कुणी तर 2023 ला, विधानसभा-सिनेट-गव्हर्नर तिन्ही हातात आल्यावर, डेमोक्रॅटांनी. ज्यांची मतं कापायला गांजा पक्ष वापरला त्यांनीच. मला तरी वाटतं त्यांनी काटाच काढला, मुद्दाच संपवला की मतं खाणार कशावर.

चिलीमबहाद्दर

म्हणजे तिसरा पक्ष हा वरणातल्या हिंगासारखा, दिसत नाही पण वास येतो.

थॉर्नटनकर

आता या पक्षाच्या तत्त्वनिष्ठेवर एक भन्नाट किस्सा सांगतो, बॉब बारचा. हा जॉर्जियाचा रिपब्लिकन खासदार. 1998 ला वॉशिंग्टन डीसीच्या लोकांनी औषधी गांजावर मतदान केलं. पण त्याआधीच याने काँग्रेसमध्ये (म्हणजे अमेरिकेच्या संसदेत) दुरुस्ती घुसवून ठेवली होती की असल्या कामावर डीसीने एक पैसा खर्च करायचा नाही. मग प्रश्न आला की मतं मोजणं हाही खर्चच ना? म्हणून मतं मोजलीच नाहीत! जवळजवळ वर्षभर निकाल पेटीत बंद. कोर्टाने सांगितलं तेव्हा मोजली, 69 टक्के बाजूने. तरीही त्या दुरुस्तीने अंमलबजावणी दहा वर्षं अडकवली. 2002 च्या प्राथमिक निवडणुकीत हा हरला तेव्हा लिबर्टेरियन पक्षाने त्याच्याविरुद्ध जाहिराती दिल्या होत्या, खास या गांजावरून.

आणि मे 2008 मध्ये, इथे डेन्व्हरमध्येच, त्याच लिबर्टेरियन पक्षाने अध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून कुणाला निवडलं? बॉब बारला. सहाव्या फेरीत. त्याआधी वर्षभर तो गांजा कायदेशीर करू पाहणाऱ्या संस्थेचा लॉबिस्ट झाला होता. वाल्याचा वाल्मीकी म्हणा, की आयाराम-गयाराम म्हणा, ज्याचा त्याचा प्रश्न. मतं पडली सव्वापाच लाख.

डॉ_मंजिरी

धागा मजेत चाललाय, त्यात मीठ टाकतेय, रागावू नका. मी मानसोपचार विभागात काम करते (गाव सांगत नाही). स्वातंत्र्य वगैरे ठीक, पण आज दुकानात मिळतो तो गांजा तुमच्या सत्तरच्या दशकातला नाही. तेव्हा टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) दोन-चार टक्के असायचं, आता फुलात वीस टक्क्यांच्या वर सहज, अर्क काढलेल्या मालात तर त्याच्या कितीतरी वर. रोज, आणि कमी वयात, आणि असा कडक माल घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसचं (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचं) प्रमाण वाढलेलं दिसतं. ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास आहे त्यांनी तर हात लावू नये. उलट्या थांबवतो म्हणताय, खरं आहे, पण वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्यांना उलट न थांबणाऱ्या उलट्या होतात आणि त्या फक्त गरम पाण्याच्या शॉवरखाली बसल्यावर कमी होतात, हा आजारही आता नेहमीचा झालाय.

खायच्या गोळ्या-चॉकलेटांचं वेगळंच. ओढला की दोन मिनिटांत कळतं, खाल्ला की तास-दीड तास काहीच होत नाही, मग माणूस अजून एक खातो, मग दोन्ही एकदम चढतात. कोलोरॅडोने म्हणून एका तुकड्यात 10 मिलिग्रॅम आणि पाकिटात 100 अशी मर्यादा घातली.

तुरुंगात टाका असं माझं म्हणणं अजिबात नाही. माझे पेशंट तुरुंगात गेले तर बिघडूनच येतात. पण 'माझं शरीर माझा प्रश्न' म्हणणारे सोळा वर्षांच्या पोराचं काय करायचं ते सांगत नाहीत.

थॉर्नटनकर

डॉक्टर, रागावायचं काय त्यात. पाकिटावरची ती मर्यादा, आयडीची तपासणी, लहान मुलांना न उघडणारं झाकण, हे सगळं दुकान कायदेशीर झालं म्हणूनच आलं. नाक्यावरचा विकणारा आयडी विचारत नाही आणि त्याच्या पुडीवर मिलिग्रॅम छापलेले नसतात. पण हे तुम्ही म्हणता ते खरं की हे नियम लिबर्टेरियन लोकांना नको होते. इथे 2013 ला गांजावर 15 टक्के एक्साइज आणि 10 टक्के सेल्स टॅक्स लावायचा ठराव मतदानाला आला तर विरोधकांनी डेन्व्हरच्या बागेत, भर दुपारी, रांग लावून फुकट जॉइंट वाटले. कराविरुद्धचं एवढं लोकप्रिय आंदोलन मी बघितलं नाही. ठराव मात्र दणक्यात पास झाला, सेल्स टॅक्स नंतर 15 झाला. एक्साइजमधले दरवर्षीचे पहिले चार कोटी डॉलर शाळा बांधायला ठेवायचे असं 64 मध्येच लिहिलेलं होतं, त्यामुळे आमच्या लेकीची शाळा बघून मी म्हणतो, गांजाने घडवलेली पिढी :)

अण्णा_मोहोळ

मी जास्त लिहीत नाही इथं, पण हा विषय आमच्या अंगणातला निघाला म्हणून.

तुमच्या त्या लिबर्टेरियन पक्षाची गोष्ट वाचताना मला सारखे शरद जोशी आठवत होते. शेतकरी संघटनेत आमचे वडील होते, बिल्ला अजून घरात आहे. जोशींनी 1994 ला स्वतंत्र भारत पक्ष काढला, तेच म्हणणं, सरकारने शेतकऱ्याच्या मानेवरून उठावं, बाकी काही नको. सभेला लाखाने माणूस, मतपेटीत मात्र चिल्लर. 2004 ला राजुऱ्यातून वामनराव चटप निवडून आले, बाकी जवळपास कोरडंच. पण कापसाची एकाधिकार खरेदी गेली ना शेवटी? झोनबंदी (ऊस ठरलेल्या कारखान्यालाच घालायची सक्ती) गेली ना? ज्यांनी आयुष्यभर ते मागितलं ते घरी बसले आणि घोषणा दुसऱ्याच्या सरकारने केली. तर थॉर्नटनकर, हरले की जिंकले या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडंही नाही, फक्त बिल्ला आहे.

अजून एक, भारतात पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादावर निष्ठा आहे असं लिहून द्यावं लागतं, लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. जोशींनी राज्यसभेत त्यावर खाजगी विधेयक आणलं होतं. म्हणजे तुमच्या त्या नोलनने इकडं पक्ष काढला असता तर पहिल्याच पानावर खोटं बोलावं लागलं असतं.

आणि गांजाचं म्हणाल तर 2021 ला आमच्याच मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना रीतसर अर्ज दिला होता, की दोन एकरात गांजा लावायची परवानगी द्या, बाकी कुठल्या पिकाला खर्च निघेल एवढा भाव मिळत नाही. पेपरला फोटो, लोक हसले. माझ्या मते तो माणूस सगळ्यात सरळ बोलला. कांदा निर्यात बंद करता, साखर निर्यात बंद करता, मग जे विकतं ते लावू द्या की.

वकिली_चष्मा

अण्णा, परवानगी मिळणं जवळपास अशक्यच होतं. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा, 1985. पण त्यातही एक मजा आहे. कायद्यातली गांजाची व्याख्या म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. बी आणि पानं, शेंड्याबरोबर नसतील तर, व्याख्येत नाहीत. म्हणून भांग केंद्राच्या कायद्यातून सुटली आणि राज्यांच्या हाती राहिली, वाराणसीत सरकारमान्य दुकानात मिळते, महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली भांगेलाही परवाना लागतो. एकच झाड, पान पवित्र आणि फूल दहा वर्षं! एक किलोपर्यंत 'अल्प' प्रमाण, वीस किलोच्या वर गेलात की किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि जामीन जवळपास नाहीच.

इंग्रजांनी 1893-94 ला याच देशात गांजा-भांगेवर आयोग नेमला होता, हजाराच्या वर साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल. निष्कर्ष काय, तर माफक वापराने फारसं नुकसान दिसत नाही, सरसकट बंदीची गरज नाही, कर लावून आटोक्यात ठेवा. कोलोरॅडोने जे 2012 ला केलं ते.

आणि शेतकऱ्यावरून आठवलं, अण्णांना आवडेल. 1942 ची अमेरिकन सुप्रीम कोर्टाची केस आहे, विकर्ड विरुद्ध फिलबर्न. ओहायोतला शेतकरी, सरकारने गव्हाला 11.1 एकर ठरवून दिलेले, याने लावला 23 एकर. म्हणाला जास्तीचा मी विकलाच नाही, माझ्या कोंबड्या-जनावरांना घातला आणि घरी खाल्ला. कोर्ट म्हणालं, घरचा खाल्लास म्हणजे बाजारातून विकत घेतला नाहीस, म्हणजे देशाच्या व्यापारावर परिणाम झाला, म्हणजे केंद्राला अधिकार आहे. दंड. त्याच निकालाच्या खांद्यावर उभं राहून 2005 ला गॉन्झालेस विरुद्ध रेइच लागला. कॅलिफोर्नियातल्या आजारी बायका, गांजा फुकटात घरगुती पिकवलेला, विक्री नाही, राज्याबाहेर जाणं नाही, तरी सहा विरुद्ध तीन मतांनी केंद्र त्यावर कारवाई करू शकतं असं ठरलं. त्यांची बाजू मांडणारे वकील रँडी बार्नेट हे पक्के लिबर्टेरियन. म्हणजे गव्हाच्या शेतकऱ्याला ठोकलेला खिळा साठ वर्षांनी पेशंटच्या पायात घुसला.

अण्णा_मोहोळ

वकीलसाहेब, ही गव्हाची केस मी आजच ऐकली. 11.1 एकर! दशांशसुद्धा सोडला नाही. वडील असते तर रात्रभर यावर बोलत बसले असते.

लालबावटा_पुणे

अण्णांचा प्रतिसाद आवडला, मतभेद कायम ठेवून.

पण शेवटी निष्पन्न काय झालं बघा. स्वातंत्र्य मागितलं आणि मिळालं काय तर लायसन. कोलोरॅडोत प्रत्येक झाडाला सरकारी टॅग, केंद्राच्या करकायद्यातल्या 280 ई कलमामुळे दुकानाचं भाडं, पगार खर्चात धरता येत नाही, बहुतेक बँका दारात उभं करत नाहीत म्हणून नोटांची बंडलं. हे सगळं कोण झेलू शकतो? ज्याच्याकडे भांडवल आहे तो. ओहायोत 2015 ला तर कमाल झाली, पैसेवाल्यांनी असा मसुदा आणला की गांजा कायदेशीर पण पिकवायचा फक्त ठरवून दिलेल्या दहा जागांवर, आणि त्या जागा प्रचाराला पैसा देणाऱ्यांच्या. लोकांनी जवळपास दोन-तृतीयांश मतांनी आपटला. 2023 ला दुसरा मसुदा आला तेव्हा पास केला.

आणि आपले जॉन्सन? 2014 ला गांजाच्या कंपनीचे सीईओ झाले होते. क्रांती करता करता दुकानात बसले.

रालेकर

@लालबावटा_पुणे, ओहायोत त्या दहा जागांच्या मक्तेदारीला लिबर्टेरियन पक्षवाल्यांपैकी काही जणांचा विरोध होता, गांजा हवा पण हा असा नको म्हणून. तुम्ही आणि ते एकाच रांगेत उभे होतात त्या दिवशी, शेवटच्या का होईना ;)

थॉर्नटनकर

लायसनराजबद्दल लालबावटा यांच्याशी सहमत, हे लिहिताना हात थरथरतोय. आणि तो धंदाही आता तितका उरला नाही, 2021 ला राज्यात 220 कोटी डॉलरची विक्री झाली होती, 2023 ला 150 च्या आसपास. शेजारच्या राज्यांत दुकानं निघाली, भाव पडले. आमच्या रस्त्यावरचं दुकान अजून आहे, पण पार्किंग रिकामं दिसतं. कांद्यासारखंच झालं अण्णा, सगळ्यांनी लावला.

टेक्सासची_काकू

मी रोज वाचते, लिहीत नाही. राजकारणातलं मला कळत नाही फारसं, पण एक विचारायचंय आणि मुलाला विचारायची लाज वाटते.

गेल्या महिन्यात मुलाकडे डेन्व्हरला गेले होते. गुडघे धरले होते, तर सूनबाईने त्या दुकानातून एक मलम आणून दिलं. चोळलं, बरं वाटलं खरंच. आता पुढच्या आठवड्यात तिकडे जाऊन तिथूनच मुंबईला जायचंय, दोन महिने. डबी बॅगेत टाकली तर चालेल का हो? छोटीशीच आहे, वरचं लेबल काढून टाकीन, अमृतांजनच्या डबीत भरीन.

वकिली_चष्मा

काकू, नका! लेबल काढून अमृतांजनच्या डबीत तर मुळीच नका, म्हणजे लपवून नेलं असं होईल. टीएचसी असेल तर विमानतळापासूनच केंद्राचा कायदा लागू होतो. मुंबईत सापडलं तर एनडीपीएस, आणि तिथला अधिकारी गुडघे बघत नाही. टेक्सासला परत आणलंत तरी तिथे टीएचसीचा अर्क ग्रॅमभरही असला तरी फेलनी (गंभीर गुन्हा) धरतात.

डॉ_मंजिरी

काकू, गुडघ्यांना डायक्लोफेनॅकचं जेल लावा, मुंबईत कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतं. बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम, मलमापेक्षा त्याचाच उपयोग जास्त.

टेक्सासची_काकू

अगं बाई, बरं झालं विचारलं. मी तर डबी धुवून वाळत ठेवली होती.

मग ते मलम तिकडेच ठेवते. पण मुलगा-सून पुढच्या महिन्यात अपार्टमेंट सोडतायत, सामान सगळं स्टोरेजला जाणार. थॉर्नटनकर, तुम्ही जवळच राहता ना हो? तुमच्याकडे ठेवलं तर? मार्चमध्ये येईन तेव्हा नेईन, फ्रिजच्या दारात कुठेही ठेवा, शंभर डॉलरचं आहे, टाकवत नाही.

थॉर्नटनकर

काकू, तुमच्यासाठी काहीही केलं असतं, पण हे नको. मी अजून ग्रीनकार्डवर आहे. राज्यात कायदेशीर असलं तरी इमिग्रेशन केंद्राचं, आणि 2019 पासून त्यांनी लेखीच काढलंय की गांजाशी संबंध निघाला तर तुमचं वर्तन चांगलं धरलं जाणार नाही, मग राज्याचा कायदा काही का म्हणेना. याच कारणाने मी दहा-अकरा वर्षांत त्या दुकानाच्या पार्किंगमध्ये यू-टर्नसुद्धा घेतला नाही. आणि मला मतही देता येत नाही, तेव्हा वर जे पक्षाबिक्षावर एवढं लिहिलंय ते सगळं काठावर बसून.

तीन आठवड्यांनी सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. तो झाला, शपथ झाली, की या तुम्ही, मलम घेऊनच या, फ्रिजचं दार रिकामं करून ठेवतो.

चिलीमबहाद्दर

आणि शपथ झाल्यावर पहिलं मत कुणाला?

थॉर्नटनकर

बायको-पोरं आली मॉलमधून, पिशव्या उतरवायच्यात. नंतर लिहितो.